पोटदुखी, अपचन, गुबारा : मराठवाड्यात घरोघर काय करतात?

मांजराकाठची
येळवस (वेळ अमावस्या) झाली अन् आमच्या घरातली पोटं बिघडली. शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर, वरून तांब्या-तांब्यानं अंबील. दर साल हेच होतं, ऐकतंय कोण! लेकरांचं आपोआप ठीक झालं. अण्णांचं (वडील, वय ६४) मात्र अजून चालूच आहे. जेवले की छातीच्या हाडाखाली दुखायलंय, पोट गच्च होतं, करपट ढेकरा येतात. ओवा दिला, सोडा दिला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं अन् परत सुरू. दवाखान्यात चला म्हटलं तर "पोटदुखीला कुणी दवाखाना गाठतं का" म्हणतात.

तर लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणीकडं घरोघर काय करतात ते सांगा. कोकम सरबत वगैरे नको. आमच्याकडं आमसूल वाण्याला सांगून मागवावं लागतं, पोट तोवर थांबत नाही.

चुलवण
ताई, ओवा दिला म्हणता, पण कसा दिला? नुसता चिमूटभर तोंडात टाकून पाण्यासंगं गिळला असेल तर तो ओवा फुकट गेला.

आमच्या आजीची पद्धत अशी. लोखंडी तवा मंद जाळावर ठेवायचा, ओवा टाकून उलथन्याच्या टोकानं फिरवत राहायचं. रंग बदलायची वाट बघायची नाही, वास सुटला की लगेच खाली. गरम असतानाच तळहातावर घ्यायचा, वर काळं मीठ, अन् दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळायचा. भुसकट सुटतं ते फुंकून टाकायचं. मग दाढेखाली धरून हळूहळू चावत रस गिळायचा, जीभ बधिर होईपर्यंत. त्यानंतर दोन घोट कोमट पाणी, जास्त नाही. करपला तर टाकून द्या, करपलेला ओवा कडू लागतो अन् छातीत उलट जळजळ करतो.

हरभऱ्याच्या डाळीचं काहीही खाल्लं, पिठलं असो की पुरणपोळी, की आजी न मागता ओवा हातावर ठेवायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

अर्धापुरी केळं
ओवा ठीक आहे. पण आमचं नांदेडकडचं औषध एकच, ताक. लोणी काढलेलं, पातळ, फार आंबट न झालेलं. त्यात भाजून भरडलेलं जिरं, सैंधव अन् नखावर मावेल एवढा हिंग. दुपारच्या जेवणावर घ्यायचं. रात्री ताक घेऊन परत "पोट फुगलं" म्हणणाऱ्याला आमच्या घरात कुणी विचारत नाही.

हिंगाबद्दल एक. दुकानात डबीत मिळतो तो बांधणीचा हिंग, त्यात कणीक, डिंक मिसळलेला असतो. खडा हिंग असेल तर मोहरीएवढासुद्धा जास्त होतो. एकाच्या कृतीतला चिमूटभर दुसऱ्याला झेपेल असं नाही, वास घेऊन ठरवा. हिंग आपल्याकडं पिकतच नव्हता, बहुतेक इराण-अफगाणिस्तानातून येतो. हिमाचलात लाहौलला २०२० मध्ये पहिल्यांदा लागवड केली. अन् आपण म्हणतो आजीबाईचा बटवा अस्सल गावरान!

शहागंज
आमच्या संभाजीनगरात नान-खलिया खाऊन पोट धरून बसलेली मंडळी काय करतात ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं होता, त्यामुळं जुन्या शहरात वैद्याइतकाच हकीम घरचा. जेवण जड झालं की जवारिश कमूनी, चमचाभर चाटण. जिरं हा त्यातला मुख्य जिन्नस, शिवाय सुंठ, मिरी, मध. आमच्या शेजारच्या खालांच्या (मावशींच्या) कपाटात ही बरणी कायम असायची अन् आमच्या कपाटात हिंगाष्टक. गरज पडली की बरण्यांची अदलाबदल. मला दोन्हीनं सारखाच फरक पडतो. जिरं, सुंठ, मिरी दोन्हीकडं आहेच की.

मधुमेह असेल तर जवारिश विचारून घ्या, मध-साखरेतलं चाटण आहे ते.

सहाण
हिंगाष्टकाचा विषय निघालाच आहे तर सांगते. बहुतेक जण ते जेवण झाल्यावर, पोट दुखायला लागल्यावर पाण्याबरोबर घेतात. ते घ्यायचं जेवणाच्या सुरुवातीला. पहिल्या घासाला गरम भात किंवा भाकरीचा कुस्करा, त्यावर तूप, तुपात पाव चमचा चूर्ण. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा (घरी करणारे ओवाच घालतात), सैंधव, जिरं, शहाजिरं अन् हिंग, अशी आठ द्रव्यं. हिंग तुपात फुलवून घ्यावा लागतो, कच्चा घातला तर मळमळतं. ज्याला आधीच आंबट पाणी वर येतं, छाती जळते, त्यानं मात्र हे घेऊ नये. उष्ण आहे. ते चूर्ण गुबाऱ्यासाठी आहे, जळजळीसाठी नाही.

मांजराकाठच्या ताई, म्हणून विचारते. अण्णांना नुसता गुबारा आहे की जळजळपण? दोन्हीला एकच औषध चालत नाही.

कापूसकोंड्या
आमचं औषध सोपं. हुरड्यावर पाणी पिऊ नका, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल कमी घ्या, अन् सासुरवाडीला आग्रह झाला तर "पोट बिघडलंय" असं आधीच सांगून ठेवा. बाकी ओवा-बिवा नंतर.

मांजराकाठची
@सहाण, जळजळ आहे. पहाटे रिकाम्या पोटी जास्त. जेवले की थोडं थांबतं अन् मग परत दुखतं. दूध घेतलं की बरं वाटतं म्हणतात.

@कापूसकोंड्या, सासुरवाडीचा उपाय अण्णांना सांगितला. हसले. बऱ्याच दिवसांनी.

निंबोळी
आमच्या परभणीकडं पोटात कळ आली की अजून "बेंबी सरकली" म्हणतात. मग एक आजी येते, बेंबीभोवती तेल चोळते, तांब्या उलटा घालते. मोठ्या माणसाला चोळून बरं वाटत असेल तर वाटू द्या. माझा राग आहे तो बिब्ब्यावर. बिब्बा तापवून त्याचं तेल लेकराच्या पोटाला लावतात. माझ्या मावसभावाच्या मुलीला लावलं होतं. बिब्ब्याचं तेल कातडीला जाळतं, फोड येतात, चट्टा कायमचा राहतो. पोट दुखतच होतं, वरून भाजल्याचं दुखणं. घरच्यांना विचारलं तर "आमच्यापण पोटावर आहे की" म्हणून स्वतःचा चट्टा दाखवतात. आता काय बोलणार?

सहाण
निंबोळीला पूर्ण अनुमोदन. मी परंपरा मानणारी आहे, पण बिब्बा लेकराला नाही म्हणजे नाही.

गुटी मात्र मी देते. सहाणेवर दुधात मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, हिरडा, एकेकाचे मोजके वेढे. वेखंडाचा एकच वेढा. मुरडशेंगेचे तान्ह्याला दोन, पोट दुखत असेल तर चार.

तालुक्याचा डॉक्टर
धागा वाचत होतो, आता लिहावंच लागतंय.

आधी गुटी. सहाणताई, तुमच्याशी वाद घालायचा नाही, पण सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. गुटीतल्या काड्यांपेक्षा मला भीती सहाणेची, वाटीची अन् ज्या पाण्यानं ती धुतली त्या पाण्याची वाटते. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो, रांजणात पाणी साठतं, अन् जुलाबाची तान्ही लेकरं यायला लागतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणातसुद्धा नाही. मधातल्या बोट्युलिनम जंतूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढू शकतात. बाळ संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं त्याला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास हे रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पालथं मांडीवर धरा. पण बाळ दूध तोडत असेल, हिरवी उलटी करत असेल, पोट टम्म झालं असेल तर रात्र असो की पहाट, निघा.

जुलाबाला घरातलं सगळ्यात चांगलं औषध साखर-मीठ-पाणी, अन् या धाग्यात अजून एकानंही त्याचं नाव काढलं नाही! एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर नुकसान होतं, म्हणून चमचा सपाट करा. पाणी चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको. त्याहून बरं म्हणजे आशाताईंकडून ओआरएसची पुडी अन् झिंकच्या गोळ्या आणा, त्या फुकट मिळतात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली अन् सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात असंच पाणी कालवून लोकांना पाजलं अन् हजारो जीव वाचले. भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक चालू ठेवा. "जुलाबात पोटाला विश्रांती" म्हणून लेकराला उपाशी ठेवू नका.

आता अण्णा. पहाटे रिकाम्या पोटी दुखणं, दुधानं आराम, वय ६४. ताई, हे येळवशीचं अपचन वाटत नाही. तपासून घ्या.

गोळीवाला
माझं मेडिकल आहे, म्हणून एकच प्रश्न. अण्णा गुडघ्याची, कंबरेची कसली गोळी घेतात का? अन् चहावर घेतात का?

मांजराकाठची
घेतात! गुडघ्याची. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात, चिठ्ठी वगैरे नाही. गोळ्यांचा पत्ता (पट्टी) दाखवला की देतो तो. सकाळी चहाबरोबर एक अन् कापणीच्या दिवसांत संध्याकाळी अजून एक. पोटासाठी कुणी विचारलंच नाही म्हणून सांगितली नाही. त्याचा काय संबंध?

गोळीवाला
सगळा संबंध तिथंच आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या दुखणं ज्या वाटेनं थांबवतात त्याच वाटेनं जठराच्या आतलं संरक्षण कमी करतात. जठरात आम्ल असतंच, त्याच्यापासून आतल्या अस्तराला वाचवणारा थर प्रोस्टाग्लँडिनमुळं टिकतो, अन् ही गोळी तेच बनू देत नाही. मग आम्ल अस्तर खातं. रिकाम्या पोटी चहावर रोज घेतली, त्यात वय साठीच्या पुढं, मग जखम व्हायला वेळ लागत नाही. आमच्या काउंटरवर रोज दिसतं. एका हातात सांधेदुखीची पट्टी, दुसऱ्या हातात अॅसिडिटीची पुडी, अन् दोन्ही एकाच माणसाची.

सोड्याबद्दलपण बोलतो. खायच्या सोड्याच्या एका चहाच्या चमच्यात १२०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला २००० च्या आत म्हणते. बीपीवाल्यानं रोज चमचाभर सोडा पिणं म्हणजे रोज अर्धा चमचा मीठ पाण्यातून पिणं. काळं मीठ, सैंधव हेसुद्धा मीठच, "उपासाचं आहे, चालतं" असं नसतं. कधीमधी ठीक. रोज लागत असेल तर पोटच काहीतरी सांगायलंय.

तालुक्याचा डॉक्टर
गोळीवाल्यांनी नेमकं धरलं. ताई, अण्णांना एक विचारा, लाज वाटली तरी. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं का? लोहाच्या गोळ्या चालू नसताना तसं होत असेल तर आत रक्त जातंय. मग ओवा नाही, ताक नाही, त्याच दिवशी दवाखाना. गुडघ्याची गोळी आजच बंद करा, दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, तीही मोजून.

चुलवण
डॉक्टरसाहेब, मग घरगुती कशाला म्हणायचं? सगळ्यालाच दवाखाना म्हणलं तर माणसानं चालायचं कसं? आमच्या गावापासून तालुका लांब, रात्री एसटी नाही, अन् सोनोग्राफी म्हटली की खिशाकडं हात जातो. आजीचा ओवा निदान चुलीजवळ असतो.

तालुक्याचा डॉक्टर
बरोबर आहे तुमचं, अन् मी ओव्याच्या विरोधात नाही. ओव्यात थायमॉल असतं. आल्यानं जठर रिकामं व्हायला मदत होते हे तपासलेलं आहे. जास्त जेवलात, गॅस झाला, फिरून आल्यावर, ढेकर दिल्यावर, शौचाला झाल्यावर हलकं वाटतं, ते दुखणं तुमच्या आजीचं. ते माझ्याकडं आणूच नका, ओपीडीत आधीच गर्दी आहे.

माझं दुखणं वेगळं. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडं खाली सरकतं, चालताना, खोकताना टोचतं, जेवण नको वाटतं, ते अपेंडिक्स असू शकतं. तिथं एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊन "पोट साफ करणं" सगळ्यात वाईट, अन् शेकणंसुद्धा नको. तळणीचं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन खांद्यापर्यंत जाते ती पित्ताच्या खड्यांची असू शकते. दारू पिणाऱ्याचं वरच्या पोटातून थेट पाठीत जाणारं, वाकून बसल्यावर थोडं कमी होणारं दुखणं स्वादुपिंडाचं. अन् ज्यानं मला सगळ्यात जास्त घाबरवलंय ते म्हणजे पन्नाशीच्या पुढचा, शुगरवाला माणूस म्हणतो "गॅस अडकलाय", घाम फुटलेला, जबडा किंवा डावा हात भरून आलेला. घरचे सोडा पाजत बसतात. ते हृदय असतं. १०८ ला फोन करा, ढेकरेची वाट बघू नका.

चुलवणताई, रात्रीची एसटी नाही, पण १०८ रात्रीपण येते. उशीर होतो हे मान्य.

कापूसकोंड्या
आता मस्करी नाही. कापसाला, सोयाबीनला फवारा मारून आलेला माणूस पोटात मुरडा आला म्हणाला, तोंडाला लाळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, घाम, उलटी, तर ते अपचन नाही. औषध अंगात गेलंय. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली किंवा तिचं लेबल संगं घ्या अन् पळा. आमच्या शिवारात एकाला लिंबू-सोडा पाजत बसले होते. वाचला, पण जेमतेम.

शहागंज
वाचून अंगावर काटा आला. पण डॉक्टर, एक शंका. माझ्या मामांना अल्सर म्हणून गोळ्या दिल्या त्यात अँटिबायोटिक होतं. अल्सर मसाल्यानं, टेन्शननं होतो ना? जंतूचं औषध कशाला?

तालुक्याचा डॉक्टर
आम्हालाही आधी तसंच शिकवायचे. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू राहतो, बऱ्याच अल्सरांचं कारण तो. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरवर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये त्यानं तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला अन् स्वतःचं जठर सुजवून घेतलं. पुढं २००५ मध्ये त्याला अन् रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. म्हणजे ठेच्यानं अल्सर होत नाही, पण झालेल्या जखमेवर ठेचा झोंबतो, हे खरं. मामांना सांगा, कोर्स अर्धवट सोडू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणारे फार.

अर्धापुरी केळं
ठेच्याला क्लीन चिट मिळाली. धागा इथंच बंद करा.

मांजराकाठची
उशिरा लिहितेय, क्षमस्व. अण्णांना विचारलं. काळं होत होतं, अन् ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोहाची गोळी नव्हती. त्याच दिवशी लातूरला नेलं. रक्त कमी निघालं, कॅमेऱ्यानं तपासलं तर जठरात जखम. गुडघ्याची गोळी बंद केली, आम्ल कमी करणारी सुरू केली, अन् जंतूची तपासणी करून त्याचाही कोर्स दिला. रक्त चढवायची वेळ आली नाही. गुडघ्याला व्यायाम अन् वरून लावायचं मलम सांगितलं आहे.

डॉक्टरांना विचारून ताक, मऊ भात चालू आहे. ओवा, हिंगाष्टक सध्या बंद. अण्णा आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोळ्यांचे पत्ते तपासत फिरायलेत. काल समोरच्या मामींची पिशवी रिकामी करून बघितली म्हणे.

@गोळीवाला, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही अजून ओवाच भाजत बसलो असतो. आभार.

गोळीवाला
बरं वाटलं ऐकून. मामींना सांगा, गोळी बंद करायची की बदलायची ते अण्णांनी नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. काही गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत.

निंबोळी
अण्णांना लवकर आराम पडो.

धागा वर आलाच आहे तर कुणीतरी अंबिलीचं नीट सांगा ना. माझी दर वेळी गुठळ्यांची होते, अन् पोटाला जड पडते.

चुलवण
जड पडते म्हणजे कच्ची राहायली. वाटीभर ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात गुठळी न ठेवता कालवून मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चार-पाच वाट्या पाणी खळखळ उकळू द्या, मग आंबवलेलं पीठ एका हातानं बारीक धारेनं सोडायचं अन् दुसऱ्या हातानं पळी थांबू द्यायची नाही. बुडबुडे फुटताना फट् फट् आवाज येतो, पिठाचा कच्चा वास जातो, तोवर शिजवा. पूर्ण गार झाल्यावरच वरून ताजं ताक, भाजलेलं जिरं, लसूण-मिरचीचं वाटण, मीठ, कोथिंबीर. गरमात ताक घातलं की फाटतं. पोट नाजूक असेल तर मिरची-लसूण वगळा, नुसतं जिरं घाला.

निंबोळी
धार बारीक हवी, हेच चुकत होतं माझं. अन् ती मुरडशेंग लातुरात कुठं मिळेल? लेकराला नाही, मला स्वतःला मुरड्यासाठी हवी आहे.

सहाण
गंजगोलाईत काष्ठौषधी विकणाऱ्याकडं मागा. घेताना पीळ घट्ट असलेली, मोडली की कट् आवाज येणारी घ्या. भोकं दिसली की भुंगा लागलाय समजा, परत करा. उगाळायच्या आधी धुऊन उन्हात वाळवा. अन् मुरड्याबरोबर शेम-रक्त पडत असेल तर शेंग राहू द्या, आधी डॉक्टर.